'मला राहवेना' इंग्रजीत कसं म्हणायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. साहेबांच्या निरोप समारंभानंतर तुम्ही ऑफिसच्या ग्रुपवर लिहिलंत, 'व्हेन आय हर्ड युअर स्पीच, आय कुड नॉट हेल्प टू क्राय.' त्यावर एका सहकाऱ्यानं विचारलं, 'हू आस्क्ड यू टू हेल्प?' आणि सगळ्यांनी हसण्याचे इमोजी टाकले. आता तुम्हाला तीन गोष्टी हव्यात. 'रडू आवरलं नाही'चं बरोबर इंग्रजी काय, इथल्या 'हेल्प'चा मदतीशी काय संबंध, आणि 'कान्ट हेल्प'नंतर 'बट' घालायचा की नाही. कारण स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकात ते चूक म्हणून दिलंय आणि मोबाइलवर मात्र रोज कुणी ना कुणी तसं बोलताना ऐकू येतं.

पहिलं उत्तर लगेच देऊन टाकते: 'आय कुडन्ट हेल्प क्रायिंग.' 'टू' नको, नुसतं 'क्राय' नको, 'क्रायिंग' हवं. व्याकरणाचे मार्क पूर्ण मिळतील. पण तुमच्या जागी मी असते तर साहेबांना हेही वाक्य पाठवलं नसतं. त्याचं कारण शेवटी येईल, कारण ते कळायला मधलं सगळं लागतं.

मी सत्तावीस वर्षं मराठी माध्यमातून आलेल्या मुलांना आणि मोठ्या माणसांना इंग्रजी शिकवतेय, आणि जोडीला कागदपत्रांची भाषांतरं करते. तुमच्या वाक्यातली चूक दर बॅचला भेटते. तिच्यामागे आळस नसतो. 'हेल्प' म्हणजे मदत हे पाचवीत इतकं पक्कं बसतं की पुढे त्या शब्दाला दुसरा अर्थ असेल अशी शंकाच येत नाही. 'हेल्प'चा एक जुना अर्थ आहे 'टाळणं, उपाय करणं'. आणि गंमत म्हणजे हा अर्थ समजायला मराठी माणसाला इंग्रजी कोश उघडावा लागत नाही. आपल्याकडे 'इलाज' हा शब्द आहे. डॉक्टर इलाज करतात, तेव्हा ती मदतच असते. 'आता काही इलाज नाही' म्हणतो, तेव्हा 'टाळता येत नाही' असं म्हणायचं असतं. 'नाइलाजानं गेलो' यात तर औषधपाण्याचा वासही उरलेला नाही. इंग्रजी 'हेल्प' याच वाटेनं गेला. 'इट कान्ट बी हेल्प्ड' म्हणजे नाइलाज आहे. 'देअर्स नो हेल्प फॉर इट' म्हणजे त्याला इलाज नाही. 'आय कान्ट हेल्प इट' म्हणजे माझा नाइलाज होतो. 'आय कुडन्ट हेल्प क्रायिंग' म्हणजे रडण्यावर माझ्याकडे इलाज नव्हता. 'हेल्प'च्या जागी मनात 'इलाज' ठेवून वाचलं की ही सगळी वाक्यं आपोआप उलगडतात.

'टू' का नाही तेही यातूनच निघतं. मदतीच्या 'हेल्प'ला 'टू' चालतो: 'ही हेल्प्ड मी टू लिफ्ट द बॅग'. टाळण्याच्या 'हेल्प'ला चालत नाही. त्याची वागणूक 'अव्हॉइड'सारखी आहे, आणि 'अव्हॉइड टू गो' असं कुणी म्हणत नाही, 'अव्हॉइड गोइंग' म्हणतात. म्हणून तुमच्या वाक्यात 'टू' दिसल्याबरोबर वाचणाऱ्याच्या डोक्यात मदतीचा 'हेल्प' जागा झाला आणि सहकाऱ्याला विनोद करायची संधी मिळाली.

पण खरी अडचण 'हेल्प'ची नाही. ती वाक्यात माणूस कुठे उभा आहे याची आहे.

एकदा संध्याकाळच्या बॅचला मी फळ्यावर एकच वाक्य लिहिलं: 'मला हसू आवरेना.' म्हटलं, वहीत नको, एकेकानं येऊन फळ्यावरच इंग्रजी करा. पहिल्यानं लिहिलं, 'माय लाफ वॉज नॉट कंट्रोलिंग.' दुसरीनं ते खोडून 'लाफिंग वॉज नॉट कंट्रोल्ड टू मी' केलं. तिसऱ्यानं 'मला'चं 'टू मी' आधी आणलं, 'टू मी लाफ वॉज नॉट स्टॉपिंग'. मागच्या बाकावर बँकेत कॅशिअर असलेले एक गृहस्थ बसायचे. ते उठून आले, खडू हातात घेऊन बराच वेळ उभे राहिले आणि म्हणाले, 'मॅडम, यात मी कुठे आहे तेच सापडत नाही.'

इतकं नेमकं निदान मी स्वतःही तोवर केलं नव्हतं. 'मला हसू आवरेना' या वाक्यात कर्त्याच्या जागी हसू आहे. मी बाजूला 'मला' होऊन उभी आहे. हसू येतं, रडू कोसळतं, राग अनावर होतो, मोह पडतो, झोप लागते, आठवण येते, कंटाळा येतो. मराठीत या गोष्टी माणसाकडे पाहुण्यासारख्या येतात आणि माणूस फक्त दार उघडतो. इंग्रजीला असं बाजूला उभं राहणं फारसं जमत नाही. ती माणसाला ओढून पुढे आणते, 'आय' म्हणायला लावते आणि मग त्याच्याच तोंडून कबुली घेते: 'आय कुडन्ट'. मला जमलं नाही. त्या दिवशी फळ्यावरची सगळी वाक्यं पुसून मी फक्त 'आय कुडन्ट' एवढंच लिहिलं आणि विचारलं, आता पुढे काय. पंधरा मिनिटांत वर्ग वाटेला लागला.

म्हणून भाषांतराची पहिली पायरी शब्द शोधण्याची नाही. 'मला' दिसलं की ते 'आय' करा आणि 'आवरेना, राहवेना, थांबवेना' यातली नकाराची शेपटी काढून 'कुडन्ट'मध्ये टाका. उरलेल्या भागाला कुठलं क्रियापद जोडायचं, हा पुढचा प्रश्न.

इथे एक बारकावा आहे आणि तो बहुतेक पुस्तकं सोडून देतात. 'कुडन्ट हेल्प लाफिंग' आणि 'कुडन्ट स्टॉप लाफिंग' यांना आपण सरसकट 'हसू आवरलं नाही' म्हणतो. इंग्रजी बोलणाऱ्याला ती दोन वेगळी चित्रं दिसतात. पहिल्यात हसू फुटलं, फुटायला नको होतं, पण फुटलं. कदाचित दोन सेकंदांत संपलंही असेल. दुसऱ्यात हसू सुरू झालं आणि संपेचना, पोट दुखायला लागलं, डोळ्यांतून पाणी आलं. मराठीतही नीट कान दिला तर हा फरक आहे. 'हसल्यावाचून राहवलं नाही' हे पहिलं. 'हसू थांबेना' हे दुसरं. 'हसू आवरेना' दोन्हीकडे चालतं, म्हणून घोळ होतो. मयताच्या घरी कुणाचा तरी मोबाइल भलत्या रिंगटोननं वाजला आणि तुम्ही तोंडावर रुमाल धरलात, तर 'कुडन्ट हेल्प'. बाहेर अंगणात येऊन भावंडांबरोबर दहा मिनिटं खिदळत राहिलात, तर 'कुडन्ट स्टॉप'.

याच्या शेजारी एक सापळा आहे. 'कीप फ्रॉम' म्हणजे स्वतःला रोखणं: 'आय कुडन्ट कीप फ्रॉम लाफिंग', हसण्यापासून स्वतःला रोखू शकले नाही. यातला 'फ्रॉम' गळला की उरतं 'आय कुडन्ट कीप लाफिंग', म्हणजे 'मला हसत राहता आलं नाही'. अर्थ उलटा. 'स्टॉप मायसेल्फ फ्रॉम'मध्येही 'मायसेल्फ' सांभाळावा लागतो. 'रिफ्रेन फ्रॉम'ही आहे, पण तो पाटीवरचा शब्द आहे, 'धूम्रपान टाळावे' छापाचा. गप्पांत वापरलात तर सूचनाफलक बोलल्यासारखं वाटेल.

आता तुमचा 'बट'. इथे इतिहास सांगावा लागेल, कारण त्याशिवाय पुस्तक आणि मोबाइल यांचं भांडण मिटत नाही. मूळची जुनी रचना 'कॅनॉट बट' अशी आहे आणि तिच्यापुढे साधं क्रियापद येतं. १६११ साली छापलेल्या किंग जेम्स बायबलात पेत्र आणि योहान यांना धर्मसभेनं तोंड बंद ठेवायचा हुकूम दिल्यावर ते म्हणतात, 'वी कॅनॉट बट स्पीक'. जे पाहिलं आणि ऐकलं ते बोलल्यावाचून आम्हाला राहवत नाही, असा त्याचा भाव. इथला 'बट' म्हणजे 'पण' नाही, तो 'खेरीज' आहे: बोलण्याखेरीज दुसरं काही करू शकत नाही. आपलं 'वाचून' आणि 'शिवाय' हेच काम करतात, त्यामुळे ही रचना मराठी कानाला खरं तर सर्वांत जवळची. दुसरी रचना 'कॅनॉट हेल्प' अधिक 'इंग'वालं रूप. बोलणाऱ्यांनी या दोन्ही एकत्र केल्या आणि 'कॅनॉट हेल्प बट स्पीक' ही तिसरी तयार झाली. एकोणिसाव्या शतकात ती छापील इंग्रजीतही दिसू लागते. व्याकरणातल्या कडक मंडळींनी तेव्हापासून नाक मुरडलं, कारण 'हेल्प'मध्येच टाळणं आहे, वर 'बट'चं खेरीज कशाला. तर्क म्हणून ते ठीक आहे. पण भाषा तर्कानं चालली असती तर आपणही 'लिंबाचं झाड' म्हणताना ते कडुलिंबाचं की फळांच्या लिंबाचं हे आधी स्पष्ट केलं असतं.

आज अमेरिकेत 'कान्ट हेल्प बट' अगदी रोजचं आहे, ब्रिटनमध्येही चालतं, आणि आजचे मोठे कोश ते प्रमाण मानतात. आपल्याकडची स्पर्धा परीक्षांची बरीच पुस्तकं मात्र जुन्या वळणाची आहेत आणि चूक शोधा प्रकारात हेच वाक्य टाकतात. तेव्हा परीक्षेत पर्याय असेल तर 'इंग'वालं रूप निवडा, त्याला कुणी हात लावू शकत नाही. बोलताना 'बट' आला तर येऊ द्या. फक्त 'बट'नंतर 'इंग' लावू नका. 'कान्ट हेल्प बट लाफ' चालतं. 'कान्ट हेल्प बट लाफिंग' ही मात्र सरळ चूक. आणि 'कॅनॉट बट'मधला 'नॉट' खाऊ नका: 'आय कॅन बट होप' म्हणजे 'मी फक्त आशाच करू शकते', 'आय कॅनॉट बट होप' म्हणजे 'आशा केल्यावाचून राहवत नाही'. एका 'नॉट'नं हतबलता जाते आणि हट्ट येतो.

मराठीत 'आवरणं' हे एकच क्रियापद घरभर फिरतं. हसू आवरतं, रडू आवरतं, मोह आवरतो, राग आवरतो, जीभ आवरते, हात आवरतो, शिवाय पसाराही आवरतो. इंग्रजीत प्रत्येकाचा वेगळा जोडीदार ठरलेला आहे आणि तो बदलला की लग्न मोडतं. मोहाला 'रेझिस्ट': समोर हापूसची पेटी उघडली आणि डॉक्टरांनी बजावूनही फोड तोंडात गेली, तर 'आय कुडन्ट रेझिस्ट'. पुढे काही जोडायचं तर 'रेझिस्ट ईटिंग', इथेही 'टू' नाही. अश्रूंना 'होल्ड बॅक'. आनंद, उत्साह आणि राग यांना 'कन्टेन', म्हणजे भांड्यात मावत नाही ही कल्पना. आपलं 'आनंद गगनात मावेना' याच्या अगदी शेजारचं. हसू दाबून चेहरा गंभीर ठेवणं म्हणजे 'कीप अ स्ट्रेट फेस', आणि ते जमलं नाही तर 'कुडन्ट कीप अ स्ट्रेट फेस'. हे शेवटचं शिकून ठेवा, बोलताना फार कामाला येतं.

'कंट्रोल'बद्दल वेगळं बोलते, कारण आपण ते मराठीत इतकं वापरतो की इंग्रजीतही तसंच जातं. 'कंट्रोलच झालं नाही' हे पुण्या-मुंबईच्या मराठीत पूर्ण वाक्य आहे. इंग्रजीत 'आय कुडन्ट कंट्रोल' अर्धवट राहतं; ऐकणारा वाट बघतो, काय कंट्रोल नाही झालं? 'मायसेल्फ' तरी हवं किंवा 'माय अँगर' तरी. आणि 'आय कुडन्ट होल्ड इट' तर 'बॅक' विसरून कधीच म्हणू नका. त्याचा रोजचा अर्थ स्वच्छतागृह गाठेपर्यंत दम निघाला नाही असा होतो. माझ्या एका विद्यार्थिनीनं मुलाखतीत, पुरस्कार मिळाल्यावर अश्रू आवरले नाहीत हे सांगताना 'बॅक' विसरून हे वाक्य टाकलं होतं. समोरचे तिघेही सभ्य होते, कागदांत डोकं घालून बसले. नोकरी मिळाली तिला, पण तो प्रसंग ती अजून डोक्याला हात लावून सांगते.

आता उलटी बाजू, आणि माझ्या मते तुमच्या प्रश्नापेक्षा ही जास्त महत्त्वाची आहे. 'राहवेना' ज्या साच्यातून निघतं, त्याच साच्यातून 'बघवेना, ऐकवेना, सांगवेना, खाववेना' निघतात. मराठी व्याकरणात याला शक्य क्रियापद म्हणतात. शाळेत 'आजोबांना आता चालवते' हे उदाहरण वाचलेलं आठवत असेल. रूप एकच, पण 'राहवेना'त माणूस स्वतःला रोखू शकत नाही आणि 'सांगवेना'त तो स्वतःला ढकलू शकत नाही. म्हणून 'सांगवेना'ला 'कुडन्ट हेल्प' अजिबात चालत नाही. तिथे 'आय कुडन्ट ब्रिंग मायसेल्फ टू टेल हर' हवं, आणि हो, इथे 'टू' आहे. मन धजेना, जीभ रेटेना, घास घशाखाली उतरेना, या सगळ्यांची वाट 'ब्रिंग मायसेल्फ टू'कडेच जाते. 'बघवेना'ला बहुतेक वेळा 'कुडन्ट बेअर टू वॉच'.

हे मी इतकं ताणून का सांगतेय? काही वर्षांपूर्वी एका अपघाताच्या प्रकरणातले जबाब इंग्रजीत करायचं काम आमच्याकडे आलं होतं. जखमीच्या चुलतभावाचा जबाब होता: 'त्याचे हाल मला बघवले नाहीत म्हणून मी वॉर्डाच्या बाहेर येऊन बसलो.' माझ्याबरोबर काम करणाऱ्या नव्या मुलानं कच्चा मसुदा आणून दिला. त्यात होतं, 'आय कुड नॉट सी हिज कंडिशन, सो आय केम आउट.' व्याकरण शुद्ध. पण वाचणारा काय समजेल? की या माणसाला रुग्णाची अवस्था दिसलीच नाही, कदाचित मध्ये पडदा होता, कदाचित नजर अधू आहे. पुढच्याच परिच्छेदात तोच माणूस जखमांचं वर्णन करत होता. उलटतपासणीत समोरच्या वकिलानं एवढं एकच वाक्य बोटानं दाखवलं असतं तर साक्षीचं काय झालं असतं, याचा विचार करून मला त्या दुपारी घाम फुटला. आम्ही ते 'आय कुड नॉट बेअर टू सी हिम सफर' केलं. 'बेअर' या एका शब्दानं त्याचे डोळे त्याला परत मिळाले.

अर्थात प्रत्येक 'वत नाही' मनाचं नसतं. गुडघे दुखणाऱ्या आजी 'आता जिना चढवत नाही' म्हणतात तेव्हा ते शरीराचं आहे: 'आय कान्ट मॅनेज द स्टेअर्स एनी मोअर.' त्याला 'ब्रिंग मायसेल्फ टू' लावलंत तर आजींना जिन्याचा काही तरी पूर्वीचा सल आहे असं वाटेल.

आणखी एक जोडी दिसायला सख्ख्या बहिणी आणि स्वभावानं वेगळ्या: 'राहवत नाही' आणि 'राहत नाही'. 'बोलल्याशिवाय त्याला राहवत नाही' आणि 'तो बोलल्याशिवाय राहणार नाही'. पहिल्यात जिभेला लगाम नाही, म्हणून 'ही कान्ट हेल्प टॉकिंग'. दुसऱ्यात खात्री आहे, बोलणार म्हणजे बोलणार, म्हणून 'ही इज बाउंड टू स्पीक'. 'आज पाऊस पडल्याशिवाय राहत नाही' याचं 'द रेन कान्ट हेल्प फॉलिंग' करून आणलेली वही मी स्वतः तपासली आहे. बिचाऱ्या पावसाची इतकी बाजू आजवर कुणी घेतली नसेल. तिथे 'इट्स बाउंड टू रेन'. याच घराण्यातली दुसरी गाजलेली चूक म्हणजे 'आय कुड नॉट लिव्ह विदाउट लाफिंग'. 'राहणं' म्हणजे 'लिव्ह', 'वाचून' म्हणजे 'विदाउट', हिशेब चोख आणि निकाल असा की हसलो नसतो तर मेलो असतो.

इतका वेळ मराठीतून इंग्रजीकडे जातोय. उलट येताना काय होतं तेही बघा, कारण इंग्रजी वाक्य कुठे वापरायचं याचा अंदाज त्यातूनच येतो. 'आय कान्ट हेल्प लाइकिंग हिम' याचं मराठी काय? 'मी त्याला आवडून घेतल्यावाचून राहू शकत नाही' असं लिहिणारा माणूस मराठी बोलत नाही, भाषांतर बोलतो. आपण म्हणू, 'काही म्हणा, तो मला आवडतोच.' सगळं 'कान्ट हेल्प' त्या एका 'च'त मावलं. 'तरी हसू आलंच', 'शेवटी विचारलंच', 'हात गेलाच' यातला 'च' तेच करतो. त्यामुळे स्वतःच्या मनातल्या मराठी वाक्यात 'राहवत नाही' नसलं तरी असा नाइलाजाचा 'च' आहे का ते ऐका. असेल तर इंग्रजीत 'कान्ट हेल्प' खुशाल वापरा.

तसंच 'बोलून गेलो', 'तोंडातून निघून गेलं'. यात 'कुडन्ट' शोधायची गरजच नाही. इंग्रजीकडे 'आय ब्लर्टेड इट आउट' आहे, आणि 'इट जस्ट केम आउट'ही आहे. माणसाला पुढे ओढणारी इंग्रजी इथे मात्र चक्क आपल्यासारखी बाजूला होते. 'अश्रू थांबेनात'लाही तशी सोय आहे: 'द टीअर्स वुडन्ट स्टॉप'. 'दार उघडेना' म्हणजे 'द डोअर वुडन्ट ओपन', तसंच हे. आपला 'एना' आणि त्यांचा 'वुडन्ट', दोघांतही वस्तूचा हट्टीपणा दिसतो. 'रडू कोसळलं'ला 'बर्स्ट इन्टू टीअर्स' किंवा 'बर्स्ट आउट क्रायिंग'. यांची अदलाबदल करू नका, 'बर्स्ट इन्टू क्रायिंग' होत नाही.

शरीराच्या अवयवांनी केलेले वाक्प्रचार सावधपणे न्यावेत. 'हात शिवशिवतात'ला 'इचिंग टू' चपखल बसतं. पण 'जीभ चावणं' फसवं आहे. आपण भलतं बोलून गेल्यावर जीभ चावतो. इंग्रज बोलण्याआधी चावतो, म्हणजे शब्द गिळतो आणि गप्प बसतो. 'आय बिट माय टंग' असं लिहिलंत तर तुम्ही बोललाच नाहीत असा अर्थ होईल, आणि तुम्हाला सांगायचं असेल की बोलून पस्तावलात.

'कुडन्ट हेल्प'चा एक समाजातला उपयोगही आहे. लोकलमध्ये शेजारच्या दोघी फ्लॅटच्या व्यवहाराबद्दल बोलत आहेत, तुम्हाला त्या बिल्डरची माहिती आहे आणि तुम्हाला मध्ये पडायचंय. मराठीत आपण 'तुमचं बोलणं कानावर पडलं म्हणून सांगते' असं म्हणतो. 'ऐकत होते' असं म्हणत नाही, 'कानावर पडलं' म्हणतो, म्हणजे दोष आपला नाही. त्याचं इंग्रजी 'सॉरी, आय कुडन्ट हेल्प ओव्हरहिअरिंग'. 'आय कुडन्ट हेल्प नोटिसिंग' हे त्याचंच भावंड: तुमच्या बॅगेची चेन उघडी आहे हे अनोळखी माणसाला सांगायची ती सभ्य सुरुवात. इथे खरोखर कुणाचा ताबा सुटलेला नसतो. ते फक्त दार वाजवणं असतं.

आणि आता तुमच्या निरोपाकडे येते. वरच्या सगळ्या उदाहरणांत एक समान चव तुमच्या लक्षात आली असेल. मयताच्या घरचं हसू, डॉक्टरांनी मना केलेला आंबा, दुसऱ्याचं बोलणं ऐकणं. 'कुडन्ट हेल्प' नेहमी थोडं खांदे उडवतं: करायला नको होतं, पण झालं बुवा. त्याला सफाई देण्याचा वास आहे. तुमचे साहेब तीस वर्षांची नोकरी संपवून मनापासून बोलले आणि तुम्हाला भरून आलं, त्यात सफाई कसली द्यायची? 'आय कुडन्ट हेल्प क्रायिंग' वाचून त्यांना वाटेल की रडल्याचं तुम्हाला अवघडल्यासारखं झालं. तुम्हाला त्यांच्या भाषणाचं कौतुक करायचं होतं. मग कर्ता भाषणाला करा: 'युअर स्पीच मूव्ह्ड मी टू टीअर्स.' थोडं कमी औपचारिक हवं असेल तर 'आय वॉज इन टीअर्स बाय द एंड.'

ग्रुपवर नको, साहेबांना थेट पाठवा. साहेब मराठी असतील तर 'सर, परवा तुमचं बोलणं ऐकून डोळे भरून आले' एवढं लिहिलंत तरी पुरे.